पोटॅशियमचे सलाइन सावकाश का देतात
रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियमची पातळी खूप कमी असताना त्याचे इंजेक्शन एकदम का देत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तीव्र पोटॅशियम क्लोराइड न मिसळता थेट शिरेत टोचले, तर हृदय बंद पडू शकते; म्हणूनच ते सलाइनमध्ये नीट मिसळून, हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजण्याचे एकक) या वेगाने देतात आणि वेग वाढवायचा झाल्यास ईसीजीवर सतत लक्ष ठेवतात. शिरेत जळजळ झाली, तर ती सोसत न बसता परिचारिकेला लगेच सांगावे आणि (हे मला फार महत्त्वाचे वाटते) सलाइनचा वेग बदलणारे नळीवरचे चाक नातेवाइकांनी स्वतः कधीही फिरवू नये. लघवी कमी होत असेल, तर तेही आधीच सांगावे. मॅग्नेशियम कमी असल्यास पोटॅशियम सहजासहजी वाढत नाही. ती तपासणीही डॉक्टरांना जरूर विचारावी.