मदत हवी आहे: फ्रीआरटीओएसमध्ये वरचा टास्क उशिरा चालतो

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत पंपाच्या कंट्रोलरवर काम करतोय; त्यावर फ्रीआरटीओएस आहे (वेगवेगळी कामं, म्हणजे टास्क, प्रायॉरिटीनुसार चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम). प्रेशर वाढलं की पंप बंद करणारा टास्क सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचा, तरी मधूनच उशिरा चालायचा. सेन्सरची बस (डेटाची सामायिक लाइन) खालच्या प्रायॉरिटीच्या लॉगिंग (नोंदी ठेवणाऱ्या) टास्कने धरलेली आणि मधला डिस्प्लेचा टास्क त्याला पुढे जाऊच देत नव्हता. १९९७ साली मंगळावरच्या पाथफाइंडर यानाला पुन्हापुन्हा रीसेट करायला लावणारं हेच प्रायॉरिटी इन्व्हर्जन (खालच्या टास्कमुळे वरचा अडकणं)!

बायनरी सेमाफोरला (एका वेळी एकाच टास्कला बस देणारं साधं कुलूप) इन्हेरिटन्स (कुलूप धरलेल्या खालच्या टास्कला थांबलेल्या वरच्याची प्रायॉरिटी तात्पुरती मिळणं) नसतो, म्हणून तो असलेला म्युटेक्स लावला. उशीर कमी झाला, गेला नाही. लॉगिंग टास्क एसडी कार्डाचा म्युटेक्सही धरतो. दोन्ही सुटेपर्यंत त्याची वाढलेली प्रायॉरिटी उतरत नाही, तिथेच घोळ वाटतो. बससाठी वेगळा टास्क आणि क्यू (विनंत्यांची रांग) ठेवावी का? कुणी प्रत्यक्ष केलंय? पंपाशेजारी माणसं उभी असतात, त्यामुळे तात्पुरता जुगाड नकोय.