पिकअपचं खरं ॲव्हरेज किती? अनुभव लिहा (खान्देश स्पेशल)

एरंडोलकर
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अप्पांची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी, किराणा दुकानात उधारीला असते ना, तीच. अप्पांकडे तेव्हा मॅटाडोर होती, धुळे-मालेगावपर्यंत भाडी मारायचे. प्रत्येक पानावर चार रकाने. तारीख, मीटर, डिझेल आणि चौथ्यात फक्त 'भ' नाहीतर 'खा'. म्हणजे भरलेली आणि खाली. एका ठिकाणी 'भ'च्या बाजूला पेन्सिलीने 'वारा' लिहून खाली दोन रेघा मारल्यात. पानाला अजून ग्रीसचा वास येतो.

हे आत्ता काढायचं कारण म्हणजे भाचा नवीन पिकअप घेतोय. परवा कागद घेऊन आला. कंपनीने छापलेल्या ॲव्हरेजवर डिझेलचा खर्च धरला, त्यावर महिन्याचा हप्ता बसवला, वर स्वतःचा पगारही काढला. म्हटलं थांब, चार जणांना विचारू. आकडा आणि कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच भांडत बसेल.

तुम्ही मात्र रस्ता आणि माल लिहा. नुसतं "लिटरला बारा किमी देते" नको. काय भरून बारा देते?

केळीबाग_सावदा
दीड टनी पिकअप, बीएस सहा (धुराच्या नव्या नियमातली). हायवेला भरून ११, खाली १४ च्या आसपास. पण ते हायवेला. पावसाळ्यानंतर बागेची कटाई सुरू झाली की बागेतून डांबरीवर येईपर्यंतच जीव जातो. चिखल, चाकोरी, पहिला नाहीतर दुसरा गिअर. मीटर किलोमीटरभर पण पडत नाही आणि इंजिन बोंबलत असतं. मग काट्यावर लाइन. घड उन्हात राहिले तर व्यापारी तोंड वाकडं करतो, म्हणून नंबर सोडता येत नाही. बंद-चालू, बंद-चालू, पुढे सरक. त्या दिवसाचं टाकी टू टाकी (फुल टाकी ते फुल टाकी) काढलं तर ९ पण येत नाही.

गाडीत किती घालतो ते लिहीत नाही. आरटीओवाले पण वाचत असतील 😄

पारोळ्याचा_भो
आम्हनी गाडीनं काय ईचारू नको भाऊ. भरेल ऱ्हायनी ते नऊ देस, खाली ऱ्हायनी ते तेरा. कागदवरना आकडा कागदवरच शे.

मिरचीवाले_३९
+१

अमळनेर_ते_पुणे
मी टेस्टिंगच्या कामाशी थोडा संबंधित आहे म्हणून लिहितो. कंपनी खोटं छापते असं नाही. एआरएआयचा (पुण्याची गाड्या तपासणारी संस्था) आकडा जिथून येतो तिथे रस्ताच नसतो. गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवर. ठरलेल्या आलेखाप्रमाणे ड्रायव्हर वेग कमी-जास्त करतो. आधी शहरातल्यासारखं थांब-चाल, शेवटी थोडा मोकळा रस्ता. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत संपतं, अंतर साधारण साडेदहा किमी, सरासरी वेग बत्तीसच्या आसपास, आणि सगळ्यात जास्त वेग ९०. एसी बंद. खोलीचं तापमान २० ते ३० अंशांत.

आता पिकअपवाल्यांच्या कामाचं. त्या चाचणीत गाडीचं वजन धरतात ते रिकामी गाडी अधिक १५० किलो. म्हणजे ड्रायव्हर, सोबत एक माणूस आणि त्यांचे डबे. कारला हे चालून जातं, कारमध्ये रोज तेवढंच वजन असतं. पण पिकअप घेतोच आपण दीड टन टाकायला! म्हणजे लेबलवरचा आकडा हा अप्पांच्या वहीतला 'खा' आहे, आणि तोही पंख्याच्या हवेतला.

अजून एक. तिथे डिझेल लिटरने मोजून ॲव्हरेज काढत नाहीत. सायलेन्सरमधून आलेला धूर गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं ते काढतात. पद्धत एकदम चोख आहे. एका कंपनीची गाडी दुसरीशी ताडून बघायला तो आकडा चांगला. भाडं ठरवायला त्याचा उपयोग नाही.

केळीबाग_सावदा
पंख्याच्या हवेत २० ते ३० अंश! मे महिन्यात भुसावळला आणा म्हणावं रोलर.

भुसावळ_जंक्शन
आणा आणा. आमच्याकडे तीस अंशाला लोक स्वेटर शोधतात.

धुळ्याची_वहिनी
गाडी हे चालवतात, हिशेब मी ठेवते. दोन पिकअप आहेत, भाजीपाला आणि कधी कधी सिमेंट-पत्रे. भाच्याला सांगा, सगळ्यात मोठा घोळ परतीच्या भाड्याचा असतो. गिऱ्हाईक जायचे पैसे देतं, गाडी यायला पण डिझेल पिते.

आता हिशेब कसा चुकतो बघा. समजा ८० किमी भरून गेली, १० चं ॲव्हरेज. म्हणजे ८ लिटर. येताना ८० किमी खाली, १४ चं ॲव्हरेज, ५.७ लिटर. सगळे म्हणतात दहा आणि चौदा, मधलं बारा. बारा नाही येत. १६० किमीला १३.७ लिटर, म्हणजे पावणेबारालाही थोडं कमीच. जास्त डिझेल भरलेल्या फेरीत जळतं म्हणून आकडा तिकडे ओढला जातो. एका फेरीत काही कळत नाही, वर्षाचं काढा मग कळतं. आमचे हे आधी हसायचे. आता गिऱ्हाइकाला भाडं सांगायच्या आधी मला फोन करतात.

आणि डिझेल म्हणजे सगळं नाही. टायर, ऑइल, इन्शुरन्स, पासिंग आणि हमालांचा चहा. चहा लिहून ठेवत नाही कोणी, पण तो पण महिन्याला दिसतो.

एरंडोलकर
वहिनी, तुमचा हा प्रतिसाद प्रिंट काढून भाच्याच्या हप्त्याच्या कागदाला टाचणी लावतो.

कापूसवाला_चोपडा
अप्पांनी वारा लिहिलंय ते शंभर टक्के. आम्ही सुटा कापूस नेतो जिनिंगला. वजन काहीच नसतं सिमेंटच्या मानाने, पण हौद्याच्या वर केबिनपेक्षा उंच ढीग आणि वरून जाळी. समोरून वारा आला की गाडीला कोणीतरी मागून धरून ठेवलंय असं वाटतं. त्याच गाडीत खताच्या गोण्या, वजन दुप्पट, पण फाळक्याच्या आत बसलेल्या, ५० च्या स्पीडने निवांत जा, ॲव्हरेज कापसापेक्षा चांगलं येतं. ताडपत्रीची एक बाजू सुटून फडफडायला लागली तरी फरक पडतो. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

अमळनेर_ते_पुणे
बरोबर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठावरून ऐंशीवर गेलात तर वेग एक तृतीयांशच वाढला, पण विरोध पावणेदोन पटीपेक्षा थोडा जास्त होतो. उंच ढीग असेल तर मूळ विरोधच मोठा, त्यावर ही पट. म्हणून कापसाला वेग कमी ठेवणं हाच इलाज.

शहादेकर
८० च्या स्पीडला तर लॉकच आहे माझी गाडी. कटकट वाटायची, आता वाटतं बरंच आहे.

नवापूर_बॉर्डर
आमच्याकडे दोन हिशेब असतात, एक चढाचा आणि एक राज्याचा. सुरतहून माल भरून येताना विसरवाडी सोडली की कोंडाईबारी लागतो. भरलेली पिकअप, पुढे कंटेनर, ओव्हरटेकला जागा नाही, दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे मागे. तेवढ्या घाटात जे जळतं ते पुढे दहिवेल-साक्रीच्या सपाट रस्त्यावर भरून निघत नाही. जाताना तोच उतार, गाडी पाय न लावता पळते. म्हणून आमच्याकडे कोणी ॲव्हरेज विचारलं की आम्ही विचारतो, जायचं की यायचं?

राज्याचा हिशेब तुम्हाला माहीतच आहे. पेट्रोलवाल्यांना गुजरातेत भरायला परवडतं, डिझेलमध्ये तेवढा फरक नसतो. आमचं तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच बाकड्यावर बसून दोन राज्यांत गप्पा मारतो आम्ही.

जळगाव_मेहरूण
त्या बाकड्यावर फोटो काढलाय मी! कॉलेजच्या सहलीला. मित्र गुजरातेत बसला होता, म्हणून त्याला चहा पाजला नाही.

तापीकाठ
घाटावरून आठवलं. कन्नड घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणारे खूप बघतो. डिझेल वाचतं म्हणे. अहो, आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलची फवारणीच बंद होते, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. आणि भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर? खाली चाळीसगावला पोचेपर्यंत लायनरचा वास केबिनमध्ये येतो. मॅटाडोरच्या काळातली सवय आहे ती, बाप शिकवतो आणि पोरगं तेच करतं.

दूधगाडी_चाळीसगाव
न्यूट्रलवर आमच्या गावात रोज पारावर वाद होतो, हा मजकूर दाखवतो आता.

माझा वेगळाच त्रास. सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करायचं. दर पाचशे मीटरवर थांबा, कॅन चढवा, पुढचं गाव. गाडी नीट गरमच होत नाही. बीएस सहा आल्यापासून तो धूर गाळायचा फिल्टर, डीपीएफ, भरतो आणि दिवा लागतो. मग तो जाळायला गाडी जास्तीचं डिझेल पिते आणि तेव्हा लांब पळवायला लागते. मी आठवड्यातून एकदा हायवेला मालेगावच्या दिशेने काढतो. घरचे म्हणतात रिकामी गाडी घेऊन कुठे निघाला.

धुळ्याची_वहिनी
तसं पळवायचंच असेल तर मालेगावहून काही घेऊन येत जा, रिकामं कशाला 😊

दूधगाडी_चाळीसगाव
दुधाच्या गाडीत दुसरं काही घातलं तर डेअरीवाला कॅनला नाक लावतो वहिनी.

भुसावळ_जंक्शन
एसीचा विषय राहिलाच. मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. आपल्या साडेतीन टनांच्या आतल्या गाड्या त्यात बसत नाहीत. म्हणजे आपण गमछा ओला करायचा आणि मानेवर टाकायचा. ॲव्हरेज वाचलं म्हणायचं.

यावल_रोड
पंपाचं कोणी लिहिलं नाही. ॲव्हरेज एकदम पडलं तर गाडी उघडायच्या आधी पंप बदलून बघा. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं, मागितलं की दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत इकडे-तिकडे चालतं, त्यापेक्षा जास्त नाही. मी एका ठिकाणी मागितलं तर पोरगा म्हणाला साहेब जेवायला गेलेत. साडेदहाला सकाळी! माप काही आलं नाही, मी पुढच्या पंपावर गेलो.

आणि टाकी टू टाकी काढायचं तर पहिली टिकटिक झाली की थांबायचं, दर वेळी तसंच. एकदा गळ्यापर्यंत आणि एकदा टिकटिकीला, असं केलं की हिशेबात दोन-तीन लिटर भुतासारखे फिरतात.

पारोळ्याचा_भो
साडेधा ले जेवन! तो पंप माले सांग, मी नोकरी करस तठे.

मिरचीवाले_३९
ओली मिरची भरली तर वजन, सुकी भरली तर वारा. आमचं दोन्हीकडून मरण. नंदुरबारच्या सीझनमध्ये केबिनमध्ये बसून शिंका येतात त्याचं ॲव्हरेज कोणी काढत नाही.

टायरची हवा मात्र लिहितो. मागच्या टायरला भरलेल्या गाडीची हवा वेगळी असते, दाराच्या कडेला स्टिकर असतं बघा. पंक्चरवाला अंदाजे मारतो. हवा कमी असली की टायर गरम होतो, बाजू घासते आणि ॲव्हरेज तर जातंच.

जळगाव_मेहरूण
विषय सोडून विचारतो, भरीत पार्टीला पाच-सहा मण वांगी लागतात, बामणोदकडून जळगावला आणायला कोणी येईल का? छोटा हत्ती पण चालेल.

केळीबाग_सावदा
पाच-सहा मण? किती माणसं आहेत?

जळगाव_मेहरूण
लेकाचं बारसं आहे हो. सगळा मेहरूण येतो.

कापूसवाला_चोपडा
वांगी भाजायला कपाशीच्या काड्या लागतील तर माझ्याकडून घ्या, फुकट. काड्यांना वारा लागतो हं पण 😄

एरंडोलकर
भाच्याने सगळं वाचलं. आता म्हणतो भरून १०, खाली १३ धरून हप्ता बसवतो, आणि पहिले तीन महिने वही ठेवतो. पगार त्याने कागदावरून खोडला. गाडी तीच घेतोय.

@जळगाव_मेहरूण गाडी दिवाळीनंतर येईल, पहिलं भाडं वांग्यांचं घेतो म्हणतोय. बामणोदहून जळगाव भरून, परत खाली. दोन्हीकडचं डिझेल धरूनच दर सांगेल, वहिनींनी शिकवलंय.

धुळ्याची_वहिनी
आणि हमालांचा चहा.

जळगाव_मेहरूण
चहा माझ्याकडे, भरीत पण. तारीख फोनवर कळवतो.