मदत हवी आहे: नॅट गेटवेचे पोर्ट नेमका कोणता पॉड खातोय?

एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये ईकेएस (एडब्ल्यूएसचं कुबरनेटीस) क्लस्टर आहे; त्याच्या नोडांवर, म्हणजे सर्व्हरांवर, आमच्या सर्व्हिस पॉडमध्ये (कंटेनरांच्या गटांत) चालतात. सगळे नोड प्रायव्हेट सबनेटमध्ये, बाहेर जायला एकच नॅट गेटवे; तो सगळ्यांचा ट्रॅफिक एका सार्वजनिक आयपीवरून नेतो आणि दर कनेक्शनला एक पोर्ट वापरतो. सकाळी ९:१५ ला शेअर बाजार उघडला की क्लाउडवॉचवर (मॉनिटरिंगवर) एररपोर्टअ‍ॅलोकेशन (पोर्ट न मिळाल्याचा आकडा) शून्याच्या वर जातं आणि बाजारभाव देणाऱ्या बाहेरच्या एपीआयला नवं कनेक्शन लागत नाही. एका आयपीमागे एकाच डेस्टिनेशनला एका वेळी ५५,००० कनेक्शनं, ही मर्यादा माहीत आहे. दुसरा इलास्टिक आयपी (स्थिर सार्वजनिक आयपी) जोडा, असं कृपया सुचवू नका. समोरच्यांनी आमचा एकच आयपी व्हाइटलिस्ट केलाय आणि दुसरा करून घेणं म्हणजे कागदपत्रांची वारी.

एस३ चा (फाइल साठवणीचा) ट्रॅफिक नॅटऐवजी गेटवे एंडपॉइंटवर वळवून झाला. बिल उतरलं, पोर्टांना काही फरक नाही (डेस्टिनेशनच वेगळं, पडणार कसा). मग नॅटच्या ईएनआयवर (नेटवर्क इंटरफेसवर) फ्लो लॉग, म्हणजे कोणत्या आयपीवरून कुठे ट्रॅफिक गेला याच्या नोंदी, लावले. पण सीएनआय (पॉडना नेटवर्क देणारा प्लगइन) बाहेर जाणारा ट्रॅफिक नोडवरच एसनॅट करतो, म्हणजे पॉडच्या आयपीजागी नोडचा आयपी घालतो, त्यामुळे लॉगमध्ये फक्त नोडचा आयपी दिसतो, पॉडचा नाही. नोडवर 'कॉनट्रॅक -एल' (चालू कनेक्शनांच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवलं की पॉड दिसतो, पण नेमक्या त्या मिनिटाला सगळ्या नोडांवर ते करणं जमत नाही. संशय असा की एखादी सर्व्हिस कीप-अलाइव्ह न वापरता दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडतेय.

आता सीएनआयचं एक्स्टर्नल-एसनॅट सेटिंग ट्रू करायचं ठरतंय, म्हणजे नोडवरचा एसनॅट बंद होऊन लॉगमध्ये पॉडचाच आयपी दिसेल. बदल रात्रीच करू, पण काही वेबसॉकेट चोवीस तास उघडे असतात. सीएनआयचा डीमनसेट (दर नोडवर चालणारा त्याचा पॉड) रीस्टार्ट होताना ही चालू कनेक्शनं तुटतात, की जुन्या कॉनट्रॅक नोंदींवर तशीच चालू राहतात? प्रॉडक्शनवर कुणी करून पाहिलंय का?