जुनी ऑटोमॅटिक गाडी तापल्यावर उशिरा उचलते; गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे?

अंबाजोगाईकर:
नमस्कार. वडिलांच्या गुडघ्यांना क्लच दाबणे सोसत नाही, म्हणून आम्ही पुण्याहून २०१० सालची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली पेट्रोल गाडी घेतली. सकाळी ती उत्तम चालते. मात्र तासभर चालून तापली की 'डी'मध्ये (पुढे जाण्याच्या स्थितीत) टाकल्यावर दोन-तीन सेकंद हलत नाही आणि मग हिसका देऊन निघते. मांजरसुंब्याचा घाट चढताना आरपीएम वाढतो, पण त्या मानाने गाडी ओढत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. गॅरेजवाल्यांनी एक चक्कर मारून बॉक्स उतरवावाच लागेल असे सांगितले आहे. गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च फार मोठा असल्याने, होकार देण्यापूर्वी काय पाहावे हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाळूजचा कारागीर:
दोष फक्त तापल्यावर दिसतो, ही तुमच्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. या गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटा तेलाच्या दाबाने धरल्या जातात. तेल तापून पातळ झाले की कडक पडलेल्या सीलमधून ते निसटते, दाब कमी पडतो आणि प्लेटा घसरतात. तेलच कमी असेल, तर पंप त्याबरोबर हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि अगदी हीच लक्षणे दिसतात. चढावर तेल एका बाजूला सरकत असल्यामुळे ती अधिक जाणवतात. तेव्हा आधी गिअरबॉक्सचे तेल पाहा.

गाडी चांगली तापवून सपाट जागी उभी करा आणि ब्रेक दाबून ठेवून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद थांबवत पुन्हा 'पी'मध्ये (पार्किंग) आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहायची असते, तरी मॅन्युअल वाचून खात्री करा. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर आणि स्वच्छ असेल तर चांगले. काळपट असून जळका वास येत असेल तर प्लेटा झिजल्याची शक्यता मोठी. गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरमधील कूलर फुटून त्यात कूलंट मिसळले आहे असे समजून गाडी लगेच बंद करा. आणखी एक सांगा, 'आर'मध्येही (रिव्हर्स) असाच उशीर होतो का?

नांदेडहून:
दिवा लागला नाही म्हणजे कोड (गाडीच्या संगणकाने केलेली दोषाची नोंद) साठलेला नाही, असे मानू नका. स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतो, म्हणून गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट वाचणाराच स्कॅनर लावून घ्या. पी०७०० हा कोड त्या युनिटने दोष नोंदवला आहे एवढेच कळवतो, नेमका दोष सोबतच्या कोडमध्ये असतो. उदाहरणार्थ, पी०७४० टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लच सर्किटकडे बोट दाखवतो. हिसक्याचे कारण कधीकधी फाटलेले इंजिन माउंटही (इंजिनाखालचा रबरी आधार) असते, तेही पाहून घ्या.

अंबाजोगाईकर:
आपले मनापासून आभार. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते आणि रंग तपकिरी होता, पण जळका वास नव्हता. रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या होसच्या क्लिपजवळ ओल असून त्यावर धुळीचा चिकट थर बसला आहे. 'आर'मध्येही तेवढाच उशीर होतो. स्कॅनरवर एकही कोड आला नाही.

वाळूजचा कारागीर:
पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखाच उशीर होत असेल, तर एखाद्याच क्लचपेक्षा सामाईक कारणावर, म्हणजे तेल, फिल्टर किंवा पंपाच्या दाबावर संशय घ्यावा. होस व क्लिप बदला, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रतीचे तेल थोडे थोडे करून खुणेपर्यंत भरा. जास्त भरले तरी फेस येतो. गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उघडून फिल्टर बदलताना त्यातले चुंबक आवर्जून पाहा. त्यावर बारीक राखाडी चिखल असणे स्वाभाविक आहे, पण धातूचे तुकडे दिसले तर प्रकरण गंभीर आहे. पॅनमधून सगळे तेल निघत नाही, म्हणून काही दिवस चालवून पुन्हा एकदा बदला. दाबाच्या मशीनने फ्लश (आतून धुणे) मात्र करू देऊ नका.

एवढे करूनही तापल्यावर उशीर राहिला, तर गेज लावून तेलाचा दाब मोजून घ्या आणि तो कमी भरल्यासच बॉक्स उतरवण्याचा विचार करा. मध्येच गाडी बंद पडली, तर दोरीने ओढून नेऊ नका. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. चारही चाके वर घेणारी गाडीच मागवा.