१९७८ची पद्मिनी घरीच उभी करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

प्रीमियर पद्मिनी, १२ वर्षं शेडमध्ये बंद. इंजिन फिरतं की जाम आहे, माहीत नाही. ब्रेक पेडल थेट तळाला जातं. घरचे तिघं आणि दोन मित्र, फक्त रविवारी. वेल्डिंग कोणालाच येत नाही. आधी काय उघडावं?

नटबोल्ट:
बॅटरी लावून सेल्फ मारू नका, एवढं पाळाच. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या असतील तर त्या एका झटक्यात तुटतात. चारही स्पार्क प्लग काढा. वायरींना आधी नंबर लावा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. प्रत्येक भोकात दोन चमचे डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) अर्धं-अर्धं टाका, तीन दिवस थांबा. मग न्यूट्रलमध्ये क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडकलं तर जोर नको, थोडं मागे, थोडं पुढे. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की इंजिन ऑइल बदला. मगच, प्लग बाहेर आणि कॉइलची वायर काढलेली ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ द्या. प्लगच्या भोकांवर फडकं टाका, डिझेल उडतं.

जुनी_गाडी:
टाकी उतरवून रिकामी करा. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात) बसतो. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा पुरे. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणारेच घ्या. जुनं रबर आताच्या पेट्रोलमध्ये फुगतं आणि चिरतं.

प्रश्नकर्ता:
ब्रेक घरी जमतील का?

ड्रमवाला:
जमतील, पण घाई नको. चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि पोरांना लांब ठेवा. व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या ब्रेकला ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) आत नखाला खड्डा लागला तर नुसतं रबर किट टाकून उपयोग नाही, पुन्हा गळेल. सिलिंडरच नवा घ्या. ब्रेकचे रबरी होज (नळ्या) पण बदला. बाहेरून चांगला दिसणारा होज आतून फुगलेला असतो, मग पेडल सोडलं तरी चाक धरून राहतं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकामागच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, तिचं टोक फ्लुइडच्या बाटलीत बुडालेलं. आतला पेडल दाबून "धरलं" म्हणेल, बाहेरचा निपल अर्धा फेरा सोडेल, आवळेल आणि मगच "सोड" म्हणेल. आवळण्याआधी पेडल वर आलं तर हवा परत आत. दर पाच-सहा दाबांनी मास्टर सिलिंडरमधल्या (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) फ्लुइडची पातळी बघा. ब्रेक फ्लुइड डॉट ३ प्रतीचं. इंजिन ऑइलचा थेंबही आत गेला तर सगळी रबरं फुगतात.

नटबोल्ट:
पत्र्याचं काम बाहेर द्या. रबर मॅट उचलून फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथे पुट्टी नको, पत्रा कापूनच लावायला सांगा. टाकी रिकामी असली तरी तिला वेल्डिंग लावू देऊ नका, आतल्या वाफेनेच स्फोट होतो.

आरसी आताच काढून तपासा. विंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे २०२८च्या आत ती मिळणार नाही. तोवर नेहमीची फिटनेस तपासणी आणि पाच वर्षांचं नूतनीकरण.