मदत हवी आहे : एआयसाठी आवाज देण्याच्या करारावर सही करू का?

नमस्कार मंडळी,

गेली 11 वर्षं ठाण्यात व्हॉइस-ओव्हर करते. 2020 पासून बरंचसं काम घरूनच. बेडरूममधल्या कपाटात दोन गोधड्या टांगल्यात. पंखा बंद करायचा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं, मग माइक सुरू.

दीडेक वर्षात माझ्याकडचं आयव्हीआर (फोनवर 'मराठीसाठी एक दाबा' सांगणारा आवाज) आणि कंपन्यांच्या ट्रेनिंग व्हिडिओंचं काम जवळजवळ आटलं. जाहिरातीआधीच्या स्क्रॅचलाही (कच्च्या, तात्पुरत्या रेकॉर्डिंगलाही) आता कुणी बोलवत नाही, तिथे एआयचा आवाज लावतात. ऑडिओबुक आणि डबिंग अजून मिळतं, पण महिन्याची भिस्त त्या बारीकसारीक कामांवरच होती.

आता एका कंपनीला माझ्या आवाजात 20 तासांचं रेकॉर्डिंग हवंय. नमुन्यातलं पहिलंच वाक्य : 'गाडीची चार चाकं चिखलात रुतली.' 'चार'मधला च वेगळा, 'चाकं'मधला वेगळा, 'चिखल'मध्ये पुन्हा पहिला. एआयचे मराठी आवाज नेमके इथेच अडखळतात. ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि हे माझ्याकडून काय घेऊ पाहतायत ते लख्ख कळलं.

करारात लिहिलंय, आवाजाचं कृत्रिम प्रतिरूप 'कायमस्वरूपी, जगभर, आजच्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत' वापरता येईल. पैसे एकदाच, माझ्या साधारण तीन महिन्यांच्या कमाईएवढे. मुलीची फी तोंडावर आहे, त्यामुळे तडकाफडकी नाही म्हणवत नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये अरिजित सिंग आणि 2025 मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाला संरक्षण दिलं, ते वाचलंय. पण त्यांचा आवाज न विचारता वापरला होता. मी तर सही करून देणार! कॉपीराइट कायद्याचं कलम 38ब सांगतं की हक्क विकले तरी सादरीकरणाचा विपर्यास करून बदनामी झाली, तर कलाकार दाद मागू शकतो. पण मी कधी न उच्चारलेलं वाक्य माझ्या आवाजात वाजलं, तर ते माझं सादरीकरण धरतील का? इथल्या वकील मंडळींनी एवढं जरूर सांगा.

असा करार कुणी केलाय का? मुदत दोन-तीन वर्षांवर आणता आली का? राजकीय प्रचार आणि कर्जवसुलीचे कॉल यांना आवाज वापरायचा नाही, अशी अट मान्य करून घेता येते का? माझ्या आवाजात कुणाला तरी हप्त्यासाठी धमकावलं जातंय, या विचारानं दोन रात्री झोप नाही.

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. दराबद्दल इथे उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.