‘बनगरवाडी’ : पुस्तकातला मास्तर पडद्यावर सापडला का?

ओसरी (बीड)
व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५ चा. परवा सिनेमा पाहिला आणि जीव हळहळला. कादंबरी शाळेवर आलेला मास्तरच सांगतो. माणदेशातल्या त्या धनगरवाडीत पहिलं पाऊल टाकताना त्याच्या पोटात आलेला गोळा आपल्याही पोटात येतो. पडद्यावर तो फक्त चालताना दिसतो, मनातलं ऐकू येत नाही. वाडीतल्या शेकूकडं दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको जू खांद्यावर घेते, ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो. सिनेमानं मला असं थांबू दिलं नाही.

काळी माती (लातूर)
काय बोलालाव दादा! पटकथा खुद्द माडगूळकरांचीच आहे. कुठं गप्प राहायचं, हे त्यांना कळत नव्हतं का? उजाड माळ दिसला की मास्तरनं वेगळं काय सांगायचं? त्या वर्षी मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय.

ओसरी
पुरस्काराचं राहू द्या ताई. लिहिणारा हात एकच असला तरी कागदावर जे पेलतं ते दीड-दोन तासांत मावत नाही. मी मास्तर आहे, म्हणून मला हे जास्त लागतं. दसरा झाला की आमच्या तांड्यावरची जोडपी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला निघतात, लेकरं बैलगाडीत. हजेरीपटावर नावापुढं रेघ ओढताना माझ्या मनात जे होतं, ते मला फक्त कादंबरीत भेटलं. दुष्काळात वाडी उठते, शाळेत मूल उरत नाही. तिथं मास्तरचा आवाज हवाच.

वाघूर (धाराशिव)
माझं मत ताईंकडं. आमचे अण्णा मेंढरामागं हिंडलेले, अक्षरओळख नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, दुष्काळात वाटायचे त्या सुकडीच्या पिठावर दिवस काढले. त्यांना मी पुस्तक दाखवून काय उपयोग? सिनेमा लावून दिला. कळप दिसला तसे खाटेवरून उठून पुढं सरकले आणि शेवटपर्यंत तिथंच जमिनीवर बसले. संपल्यावर एवढंच विचारलं, “पाऊस पडल्यावर आली का रं ती माघारी?”

काळी माती
अण्णांना नमस्कार सांगा.

ओसरी
माझाही सांगा. अण्णांपर्यंत सिनेमाच पोचू शकत होता, हे मान्य. पण ज्याला वाचता येतं त्यानं सिनेमा पाहून पुस्तक वाचल्यासारखं करू नये, यावर मी ठाम आहे. वाघूर, एक करा. कादंबरीतला आनंदा रामोशाचा भाग अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि ते काय म्हणतात ते इथं लिहा.

वाघूर
आज रात्री जेवणं झाली की बसतो.